बसण्यापुरती जागा

भंडाऱ्यातलं हे घर घेतलं तेव्हा आधीच्या मालकीणबाईंनी एकच अट घातली. ती इसारपावतीवर नव्हती, रजिस्ट्रीतही नव्हती. रजिस्ट्री ऑफिसच्या पायऱ्या उतरताना त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "बाई, मागच्या आंगनात सेवार हाय. त्याच्यावर पाय नका देऊ. खराटा नका मारू. बाकी घर तुमचं."

सेवार म्हणजे शेवाळ. मी हो म्हटलं. घर विकणाऱ्याचा जीव कशात ना कशात अडकलेला असतो. यांचा शेवाळात अडकला असेल, असं वाटलं आणि विसरून गेले.

बाई सत्तरीच्या होत्या. त्यांचे यजमान पितळेची भांडी करायचे, आणि त्यांचं काम याच घराच्या मागच्या अंगणात चालायचं. ते वारून बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी सिहोऱ्याला दिलेली. घर विकल्यावर मुलीकडे जायचं सोडून बाई आमच्यापासून दोन गल्ल्यांवर एका खोलीत भाड्यानं राहायला गेल्या. मी त्यांना मावशी म्हणू लागले होते. "काहून मावशी, लेकीकडे काहून नाही गेल्या?" असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "इथं काम हाय माह्यं."

मी मूळची आसगावची. आईवडील दुसऱ्यांच्या बांध्यांमध्ये धानाच्या रोवणीला जायचे. मी शिकले आणि भंडाऱ्याच्या एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवू लागले. नवरा पाटबंधारे खात्यात. भाड्याच्या घरांत वीस वर्षं काढल्यावर मिळालेलं हे पहिलं स्वतःचं घर. सामान उतरवायच्या आधी आम्ही दोघं मागच्या अंगणात गेलो.

पावसाळा नुकताच सरला होता. भिंतीलगत बोअरचा पंप, एक जुनी दगडी टाकी आणि तिच्या पुढे दोन खाटा जोडाव्यात एवढ्या जागेत ते पसरलं होतं. दाट, आखूड, मखमलीसारखं. रंग मात्र वेगळा. आमच्या डोळ्यांना हिरवा म्हणजे पऱ्ह्यांचा, धानाच्या कोवळ्या रोपांचा हिरवा, पोपटी, डोळे निववणारा. हा मळकट होता, पिवळसर, आणि कडेला गंजासारखा तांबूस. त्याच्या मधोमध जमीन उघडी होती. आधी चौकोनी, कोपरे गोल झालेली, पाटाएवढी मोकळी जागा. तिच्या पुढे वीतभर हिरवं. आणि त्या हिरव्यात दोन पावलं.

पावलांचे ठसे खोल नव्हते. तेवढ्या जागेत शेवाळ नव्हतं, इतकंच. पण टाच होती, चवडा होता, अंगठ्याचा गोलवा होता. पाटावर बसून काम करणारा माणूस आत्ताच पाणी प्यायला उठून गेला असावा, असं ते दिसत होतं.

नवरा टाकीभोवती एक चक्कर मारून आला. मग म्हणाला, "सिमेंट टाकून टाकू यावर. एका दिवसाचं काम आहे."

"मी शब्द दिला आहे त्यांना," मी म्हणाले. खरं तर शब्दापेक्षा मला भीती वाटली होती. त्याच्यावर सिमेंट टाकणं म्हणजे कुणाच्या तरी अंगावर टाकल्यासारखं वाटत होतं.

त्या हिवाळ्यात मी अंगणात फुलझाडं लावायचा प्रयत्न केला. सदाफुली कुठेही येते म्हणतात. टाकीजवळ लावलेली सदाफुली पंधरा दिवसांत पिवळी पडली. गवतही तिथे येत नव्हतं. मुंग्यांची रांग भिंतीवरून यायची आणि त्या जागेला वळसा घालून जायची. मी विज्ञानाची शिक्षिका, वर्गात भूतखेतावर हसणारी. पण कपडे वाळत घालताना त्या पाटाच्या जागेकडे पाठ करायचं मी टाळू लागले.

भीती घालवायचा मला एकच उपाय ठाऊक आहे. ज्या गोष्टीची भीती वाटते तिचं नाव शोधून काढायचं. मी चिमटीत मावेल एवढा तुकडा कडेवरून उचलला आणि कॉलेजात नेला.

भिंगाखाली पहिली गोष्ट कळली ती ही की हे शेवाळच नव्हतं. आपण ओल्या जागी जे जे हिरवं दिसतं त्याला शेवाळ म्हणतो. खऱ्या शेवाळाला खोड नसतं, पानं नसतात. याला दोन्ही होतं. म्हणजे हे मॉस. अकरावीच्या पुस्तकातल्या एका आकृतीवरून मी वर्षानुवर्षं मॉस शिकवत आले होते, पण असं हातात घेऊन कधी पाहिलं नव्हतं. पान जिभेच्या आकाराचं, मधून एकच शीर. वरच्या पानांचा रंग हिरवा, खालची सगळी विटकरी. मुळांसारख्या तपकिरी धाग्यांवर मण्यांसारख्या बारीक गाठी. कॉलेजच्या विहिरीवरचं मॉस शेजारी ठेवून पाहिलं. त्याला देठावर इवलीइवली बोंडं होती. याला एकही नव्हतं. पुढे वर्षभर पाहिलं, कधीच आलं नाही.

पुस्तकातली कुठलीच आकृती जुळेना. तेव्हा मी कागदाची पुडी करून ते नागपूरच्या एका निवृत्त प्राध्यापकांना पोस्टानं पाठवलं. एका शिबिरात त्यांची ओळख झाली होती. सोबत चिठ्ठीत एवढंच लिहिलं की घरामागच्या जमिनीवरचं आहे, नाव सांगाल का.

तीन आठवड्यांनी सरांचा फोन आला. नमस्कार-चमत्कार झाला नाही. त्यांनी थेट विचारलं, "बाई, तुमच्या अंगणात तांबं सांडायचं का हो?"

"पितळेचं काम व्हायचं इथे. तुम्हाला कसं कळलं?"

"मला हे सांगतंय ना," सर म्हणाले. "तांबं म्हणजे बाकीच्या झाडोऱ्याला विष. याला तेच लागतं. जिथे दुसरं काहीच उगत नाही तिथे हे येतं. स्कोपेलोफिला असावं. शंभर टक्के खात्रीनं नाही सांगत, पण दुसरं काही मला सुचत नाही. बोंड धरत नाही, तुकड्यातुकड्यानं वाढतं. जपा त्याला. आपल्याकडे मी प्रथमच पाहतो आहे."

कसं जपायचं ते त्यांनी सांगितलं. साबणाचं पाणी जाऊ द्यायचं नाही. वर पडलेली पानं रोजच्या रोज हातानं वेचायची, नाहीतर खाली कुजून मरतं. खत, माती, शेण काही घालायचं नाही. उन्हाळ्यात वाळून काळं पडलं तर घाबरायचं नाही, ते मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. भर दुपारी पाणी दिलं तर मात्र शिजून जाईल.

मी सगळं वहीत लिहून घेतलं. मग त्या मोकळ्या जागेबद्दल सांगितलं. त्यावर सर म्हणाले,

"काम चालू होतं तेव्हा तिथे तेजाब पडत असणार, भांडी उजळायला वापरतात ते ॲसिड. तेजाब पडत होतं तोवर हेसुद्धा उगलं नसतं. काम बंद पडल्यावर, चार पावसाळ्यांनी जमीन जरा धुतली गेल्यावर आलं असेल."

फोन ठेवल्यावर मी हिशेब जुळवू लागले. काम बंद पडलं ते मावशींचे यजमान गेल्यावर. मॉस आलं त्याच्यानंतर. म्हणजे ज्याच्या बसण्यामुळे ती जागा मोकळी राहिली होती तो माणूस हे मॉस उगवण्याच्या आधीच गेलेला होता. मग मॉस आल्यावर तिथे बसलं कोण?

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू तो नाद सोड."

मे महिना आला. भंडाऱ्याच्या उन्हात पत्रे तडतडतात. मॉस आकसून काळपट झालं, हात लावला तर चहापत्तीसारखं खरखरीत. सरांनी सांगितल्याप्रमाणे मी वर हिरवी जाळी बांधली आणि पाणी घातलं नाही. तरी एका सकाळी सातला मी पाहिलं तर ते ओलं होतं. पानं उलगडलेली, टवटवीत, थेंब अंगावर घेऊन बसलेली. पंप बंद, टाकी कोरडी. दुसऱ्या दिवशी कोरडं. तिसऱ्या दिवशी पुन्हा ओलं. वास घेतला तर आंबूस होता, चिंचेचा.

चौथ्या दिवशी मी साडेपाचलाच उठले आणि स्वयंपाकघराची मागची खिडकी हळूच उघडली.

उजाडलं होतं. जाळीखाली, त्या चौकोनी जागेत मावशी बसल्या होत्या. पाय त्या दोन पावलांच्या जागेत. पाठ ताठ, हात मांडीवर, तोंड टाकीकडे. बाजूला पाण्याचा एक पितळी गडवा. त्या जपमाळ ओढत नव्हत्या, रडत नव्हत्या. कामावर बसलेला माणूस बसतो तशा बसल्या होत्या.

माझ्या हातून खिडकीचा कडी-कोयंडा वाजला. त्यांनी मान वळवली. दचकल्या नाहीत.

"फाटकाची एक चाबी माह्यापाशी राह्यली होती," त्या म्हणाल्या. "पाह्यजे तर घेऊन टाका."

मी चहा घेऊन बाहेर गेले. त्या उठल्या नाहीत, मीच टाकीच्या कडेवर टेकले. मग त्यांनी सांगितलं.

यजमान चाळीस वर्षं त्याच पाटावर बसले. भांडी तेजाबात बुडवायची, काढायची, चिंच आणि वाळूनं घासायची. पाय भाजू नयेत म्हणून खाली दोन लाकडी फळ्या. "त्याहिचा घाम हिरवा होता, बाई. बनियान धुतली का पानी हिरवं. डोक्याचे केस पांढरे झाले तेही हिरवट दिसत. जाळलं तवा लोक म्हनत होते, सरणातून हिरवा जाळ निघाला म्हनून. मी काही पाह्यला नाही. बायकाइले कोन नेते तठी?"

ते गेल्यावर पाट आणि फळ्या कुणीतरी सरपणाला नेल्या. तीन-चार वर्षांनी एका पावसाळ्यात हे हिरवं आलं. आलं ते भिंतीकडून आणि दर वर्षी जरा जरा आत सरकू लागलं. "मले वाटलं, हे आता त्याहिच्या जागेवर येते. आलं का मंग कायच राह्यलं? म्हनून बसाले लागली. सकारी घडीभर. पितळेचे भांडे चिंचेनं घासते आन ते पानी इथंच टाकते. त्याले तेच आवडते."

त्यांना कुठल्याही प्राध्यापकानं सांगितलं नव्हतं. चिंचेच्या पाण्यातून पितळेतलं तांबं उतरतं आणि मॉसला हवं तेच मिळतं, हे त्या माझ्या आधी कैक वर्षं करत होत्या. मला बरं वाटलं. कोडं सुटलं होतं. तिथे बसणारं माणूस जिवंत होतं आणि माझ्यासमोर चहा पीत होतं.

मग त्या उठल्या आणि मला त्यांचे पाय दिसले. लहानखुरे पाय. ज्या जागेतून त्यांनी ते उचलले ती जागा त्यांच्या पावलांपेक्षा चांगली चार बोटं लांब होती. अंगठ्याच्या पुढे उघडी माती होती आणि तिची कड सुरीनं कापल्यासारखी साफ होती. लाकडी फळ्यांमुळे म्हणावं तर फळीला अंगठा नसतो.

मी त्यांना फाटकापर्यंत पोचवलं. चावी घेतली नाही.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात मावशी त्यांच्या खोलीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. मुलगी आली आणि त्यांना सिहोऱ्याला घेऊन गेली. जाताना ऑटोतून त्यांनी मला एकच सांगितलं, "पानी देत जा." बसायचं म्हणाल्या नाहीत. मी पाणी दिलं, पानं वेचली, जाळी सोडली आणि पुन्हा बांधली. चिंच-पितळेचं पाणीही आठवड्यातून एकदा. दिवाळीपर्यंत मॉस असं माजलं की कडेची विटकरी पट्टी झाकून गेली.

आणि ते आत सरकलं. आधी पाटाच्या जागेचे कोपरे गेले. मग डाव्या पावलाची टाच. दर रविवारी मी दोरीला गाठी मारून मोजत होते. डिसेंबरात डाव्या पायाचा फक्त चवडा उरला होता.

जानेवारीत मी एसटीनं सिहोऱ्याला गेले. डब्यात विटेच्या तुकड्यावर मॉसचा एक तळव्याएवढा तुकडा नेला होता. मावशी ओसरीत खाटेवर होत्या. खाटेखाली पेटलेली शेगडी. वर दोन गोधड्या आणि पायांत लोकरी मोजे. मुलगी म्हणाली, "आली तेव्हापासून एकच तक्रार आहे बाई. पाय गार पडतात म्हणते. डावा जास्त. डॉक्टरला दाखवलं, तेल लावलं, काही फरक नाही."

मावशींच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. मी त्यांचा हात धरून डब्यातल्या मॉसवर ठेवला. त्यांनी बोटांनी चाचपलं, नाकाशी नेलं, आणि पहिल्यांदाच हसल्या. मग हळू आवाजात विचारलं, "पाय किती राह्यला?"

मुलीला ते कळलं नाही. मला कळलं.

"आहे तसाच आहे, मावशी," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, दिसत नसतानाही. "नीट पाह्यलं ना?"

"रोज पाहते."

"मंग मले थंडी काहून वाजून राह्यली?"

मी त्यांच्या पायांवरची गोधडी सारखी केली. परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकून बसले. दोन्ही बाजूंना कापून झालेल्या धानाच्या बांध्या, नुसती खुंटं. आयुष्यभर मुलांना सांगत आले की पुराव्याशिवाय काही मानायचं नाही. आता एका म्हातारीशी खोटं बोलून आले होते, आणि ते खोटं मला छळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी मागच्या अंगणात गेले. नवरा झोपला होता. मी चप्पल काढली, साडी सावरली आणि त्या जागेत बसले. उजवा पाय उरलेल्या जागेत ठेवला. डावा मॉसवर, जिथे टाच गेली होती तिथे टेकवला. ते पायाखाली दबताना ओल्या गालिच्यासारखं लागलं. जानेवारीची थंडी, अंगावर शाल, टाकीचा दगड बर्फासारखा. पण उजव्या तळव्याखालची माती ऊबदार होती. आत्ताच कुणी तिथून उठलं असावं तशी. मी हात लावून पाहिलं. हाताला गार लागली. पाय ठेवला की ऊबदार.

मी घाबरून उठायला हवं होतं. उठले नाही. टाकीकडे पाहत बसले. मग नवऱ्यानं दारातून हाक मारली, "अगं, साडेआठ वाजले, कॉलेज नाही का आज?" मला वाटलं होतं दहा मिनिटं झाली असतील.

मग मी घड्याळ लावून बसू लागले. रोज दहा मिनिटं. जिथे जिथे पाय पडायचा तिथलं मॉस पंधरा दिवसांत तपकिरी झालं आणि सुटून आलं. मी ते हातानं वेचून टाकीच्या पलीकडे ठेवलं. डाव्या पायाची टाच पुन्हा उघडी झाली. माझं पाऊल मावशींपेक्षा मोठं असलं तरी त्या मूळच्या जागेएवढं नाही. उघडी झालेली टाच मात्र जुन्या मापाचीच होती. दोरीवरच्या गाठीशी मी दोनदा ताडून पाहिलं.

फेब्रुवारी संपता संपता मावशी गेल्या. तेरवीला मी सिहोऱ्याला गेले. बायका पांगल्यावर मुलगी माझ्याजवळ येऊन बसली.

"त्रास नाही झाला बाई तिला," ती म्हणाली. "शेवटचा महिना तर चांगला गेला. मोजे काढून टाकले तिनं. शेगडी नको म्हणे. पाय गरम झाले म्हणे माह्ये. तुम्ही येऊन गेल्या ना, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून."

ती रडत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

घरी आल्यावर मी बसणं बंद केलं. ठरवून असं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारापर्यंत गेले आणि पुढे पाऊल पडेना. तिथे आता दोघांची जागा आहे, आपण मध्ये कशाला, असं काहीतरी वाटलं. नवऱ्यानंही विचारलं नाही. त्यानं फक्त फाटकाचं कुलूप बदललं.

पुढच्या पावसाळ्यात ते भरलं. आधी पाट गेला, मग दोन्ही पावलं. ऑगस्टच्या एका सकाळी मला मोकळी जागा सापडलीच नाही. सरांना फोन केला तर ते म्हणाले, साहजिकच आहे, पावसानं तांबं मधल्या जागेत झिरपत गेलं, मॉस त्याच्या मागोमाग सरकलं. त्यांचं म्हणणं बरोबर असणार. मावशींच्या पायांचं मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

आता वर्षातून एकदा अकरावीच्या मुलांना मी घरी आणते. भिंगातून पानं दाखवते, पुडी कशी करायची ते शिकवते, कोणाला हवं असेल तर कडेचा तुकडा देते. चांगल्या मातीत लावू नका, मरेल, असं बजावून सांगते. आठवड्याला एकदा पितळेचा गडवा आणि दोन ताटल्या चिंचेनं घासते. बाकीची भांडी स्टीलची आहेत. ते हिरवट, आंबूस पाणी गडव्यातून ओतताना मी टाकीच्या बाजूनं सुरुवात करते आणि दाराकडे सरकते. मधल्या भागावर जरा जास्त, कारण तिथलं मॉस अजून कोवळं आहे.